‘व्यक्ती’ म्हणजे नेमकं कोण? एका डॉक्टरबाईंच्या महापौरपदामागचा कायदा

9 नोव्हेंबर 1908 रोजी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ऑल्डबरा या गावानं आपला नवा महापौर निवडला. वय वर्षं 72. पेशा डॉक्टर, आता निवृत्त. नाव एलिझाबेथ गॅरेट अँडरसन. इंग्लंडमध्ये एखादी स्त्री महापौर होण्याची ती पहिलीच वेळ होती. याच बाईंनी त्याआधी 43 वर्षांपूर्वी स्त्री म्हणून उघडपणे परीक्षा देऊन ब्रिटनमध्ये डॉक्टरकीचा परवाना मिळवला होता, आणि तीही पहिलीच वेळ होती.

‘महापौर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मोठं शहर येतं. ऑल्डबरा तसं नव्हतं. दोन-अडीच हजार वस्तीचं समुद्रकाठचं गाव ते. आपल्याकडच्या हिशेबानं तिथल्या प्रमुखाला नगराध्यक्ष म्हटलं असतं. पण राजाची सनद असलेल्या इंग्लंडमधल्या प्रत्येक नगराला, ते केवढंही असो, ‘मेयर’ असे, आणि त्या पदाचे कायदेशीर अधिकार मोठ्या शहरात आणि छोट्या गावात सारखेच असत. म्हणून मीही महापौरच म्हणतो.

एलिझाबेथ यांची गोष्ट बहुतेक वेळा जिद्दीची गोष्ट म्हणून सांगितली जाते. जिद्द तर होतीच. पण नुसत्या जिद्दीनं कुलपं उघडत नाहीत. 1865 आणि 1908 या दोन तारखा घडल्या त्या कायद्यातल्या काही शब्दांमुळे. कुठे ‘व्यक्ती’ असं लिहिलं होतं, कुठे ‘पुरुष’, कुठे काहीच लिहिलेलं नव्हतं. ते शब्द कोणी कसे वाचले, यावर अख्ख्या पिढ्यांचं आयुष्य ठरलं. तो गुंता जमेल तेवढा सोपा करून सांगतो.

एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. ‘बायकांनी डॉक्टर होऊ नये’ किंवा ‘बायकांनी महापौर होऊ नये’ असा स्पष्ट कायदा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सहसा नव्हताच. त्याची गरजच कोणाला वाटली नव्हती. रूढीच एवढी पक्की होती की कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात बाई हा विषय यायचा नाही. त्यामुळे एखादी बाई दारात येऊन उभी राहिली की दोन्ही बाजूंचे वकील जुनी कागदपत्रं उघडून बसायचे: इथे जे लिहिलंय त्यात ही बसते का?

1858 साली ब्रिटिश संसदेनं वैद्यकीय कायदा केला. त्याआधी कोणीही उठून स्वतःला डॉक्टर म्हणवून घेत असे. या कायद्यानं एक सरकारी नोंदवही तयार झाली आणि देशातल्या 19 मान्य संस्थांपैकी एखादीचा परवाना असेल त्याचंच नाव तिच्यात लागू लागलं. नोंद नसताना रोग्याला औषध देणं गुन्हा नव्हता. पण नोंद नसलेल्याला फी बुडवणाऱ्यावर दावा लावता येत नसे, त्याच्या दाखल्याला किंमत नसे, सरकारी दवाखान्यात त्याला जागा नसे. म्हणजे नोंदवहीत नाव नाही तर डॉक्टर असून नसल्यासारखं.

या कायद्यात स्त्रियांना मनाई केलेली नव्हती. पण त्या 19 संस्थांपैकी एकही बाईला दारात उभं करत नव्हती. एक बारीकशी सवलत मात्र होती: परदेशी पदवी घेऊन 1858 च्या ऑक्टोबरआधी ब्रिटनमध्ये रोगी तपासलेले डॉक्टर नोंदणी करू शकत. या सवलतीचा उपयोग झाला एलिझाबेथ ब्लॅकवेल यांना. त्यांनी 1849 मध्ये अमेरिकेत पदवी मिळवली होती. 1859 मध्ये त्यांचं नाव ब्रिटिश नोंदवहीत लागलं. त्या सवलतीची तारीख आधीच उलटून गेल्यामुळे त्यांच्या मागून दुसरी कोणी त्या वाटेनं येऊ शकत नव्हती.

त्याच वर्षी ब्लॅकवेल यांनी लंडनमध्ये व्याख्यानं दिली. श्रोत्यांत 22 वर्षांची एलिझाबेथ गॅरेट होती.

तिचे वडील न्यूसन गॅरेट हे धान्य आणि कोळशाचे मोठे व्यापारी. मुलगी डॉक्टर व्हायचं म्हणते हे ऐकून ते आधी भडकले, मग काही महिन्यांत तिचे सगळ्यात खंबीर पाठीराखे झाले. हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढे जे घडलं ते त्यांच्या पैशावाचून घडलं नसतं. खासगी शिकवण्या, फिया, वकील, सगळा खर्च त्यांनी उचलला. त्याच काळात, तितकीच हुशार पण गरीब घरातली एखादी मुलगी या वाटेवर पहिल्याच वळणावर थांबली असती. तिचं नाव आपल्याला कळणारही नाही.

1860 मध्ये एलिझाबेथ लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात गेली. विद्यार्थिनी म्हणून प्रवेश नव्हता, म्हणून ती परिचारिका म्हणून रुजू झाली आणि वॉर्डात काम करता करता शिकू लागली. हळूहळू तिला शवविच्छेदनाला, रसायनशास्त्राच्या तासांना बसू दिलं गेलं. डॉक्टरांना तिचं अप्रूप होतं, विद्यार्थ्यांना फारसा त्रास नव्हता. मग जून 1861 मध्ये एके दिवशी फेरीवर आलेल्या डॉक्टरांनी वर्गाला एक प्रश्न विचारला. उत्तर कोणालाच आलं नाही. एलिझाबेथनं दिलं, आणि बरोबर दिलं. थोड्याच दिवसांत विद्यार्थ्यांनी सह्यांचा अर्ज दिला की या बाईंना तासांना बसू देऊ नये. रुग्णालयानं तो मान्य केला. जोवर ती कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती तोवर चालत होतं. ती वर्गात पुढे गेली आणि चालेनासं झालं. मला या सगळ्या इतिहासात हा एक प्रसंग सर्वांत जास्त सांगून जातो.

त्यानंतर तिनं ऑक्सफर्ड, केंब्रिज, ग्लासगो, एडिंबरा यांची दारं वाजवली. सेंट अँड्र्यूज विद्यापीठानं तर 1862 मध्ये आधी प्रवेशपत्र दिलं आणि मग ते नाकारलं.

उरली औषधविक्रेत्या वैद्यांची संस्था. इंग्रजीत त्यांना अपॉथेकरी म्हणत. मोठ्या डॉक्टरांच्या उतरंडीत यांचं स्थान खालचं. सामान्य माणसाचा रोजचा डॉक्टर बहुधा यांच्यातला असे. या संस्थेला परवाने देण्याचा अधिकार 1815 च्या कायद्यानं मिळाला होता, आणि त्या कायद्यात परीक्षेला बसणाऱ्यांसाठी शब्द होता ‘व्यक्ती’. पाच वर्षं उमेदवारी केलेल्या, ठरलेला अभ्यास पुरा केलेल्या व्यक्तींची परीक्षा घ्यावी, असं कलम. पुरुष असा शब्द नाही.

संस्थेनं आपल्या वकिलाचा सल्ला घेतला. वकिलानं सांगितलं की बाईला नाकारण्याचा अधिकार या शब्दांतून निघत नाही. एलिझाबेथनं एका अपॉथेकरीकडे रीतसर उमेदवारी केली, प्राध्यापकांकडून खासगी शिकवण्या घेतल्या, प्रत्येकाचे दाखले जमवले. परीक्षेची वेळ आली तेव्हा संस्था पुन्हा कचरू लागली. तेव्हा न्यूसन गॅरेट यांनी कोर्टात खेचण्याची धमकी दिली. 28 सप्टेंबर 1865 रोजी परीक्षा झाली आणि एलिझाबेथ पास झाली. पुढच्या वर्षी नोंदवहीत नाव लागलं.

आणि मग संस्थेनं नियम बदलला. यापुढे खासगी शिकवणीचे दाखले चालणार नाहीत, मान्य वैद्यकीय शाळेतच शिकलेलं असलं पाहिजे. एकाही मान्य वैद्यकीय शाळेत बाईला प्रवेश नव्हता. नव्या नियमात ‘स्त्री’ हा शब्द कुठेही नाही. वाचायला तो शिक्षणाचा दर्जा वाढवणारा नियम वाटतो. परिणाम मात्र एकच: 1877 पर्यंत ब्रिटनच्या नोंदवहीत बायकांची दोनच नावं राहिली, ब्लॅकवेल आणि गॅरेट. बारा वर्षं.

कायद्यातली फट म्हणजे काय, हे यातून नीट कळतं. फटीतून एक माणूस आत जातो, मग फट बुजवली जाते. मागच्यांसाठी दार व्हायचं असेल तर कायद्यात ते स्पष्ट लिहून घ्यावं लागतं. एलिझाबेथ यांना हे लवकर उमगलं असावं, कारण त्यांच्या पुढच्या आयुष्याचा मोठा भाग मागून येणाऱ्यांची सोय करण्यात गेला.

1866 मध्ये त्यांनी लंडनच्या मॅरिलबोन भागात गरीब बायका-मुलांसाठी दवाखाना उघडला. पटकीची साथ चालू होती, त्यामुळे बाईकडून औषध घ्यायचं की नाही हा विचार करायला कोणाला सवड नव्हती. पहिल्याच वर्षात सुमारे 3,000 नवे रोगी आले. 1872 मध्ये दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर दहा खाटा टाकल्या आणि त्याचं रुग्णालय झालं, जिथे रोगी बायका आणि डॉक्टरही बायका. दरम्यान 1870 मध्ये त्यांनी पॅरिसला जाऊन, फ्रेंच भाषेत परीक्षा देऊन, अर्धशिशीवर प्रबंध लिहून एम. डी. पदवी घेतली होती.

1874 मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकारानं स्त्रियांसाठी लंडनमध्ये वैद्यकीय शाळा निघाली. एलिझाबेथ तिथे शिकवायच्या आणि 1883 पासून जवळजवळ वीस वर्षं तिच्या अधिष्ठाता होत्या. याच शाळेत 1889 मध्ये मुंबईची एक मुलगी दाखल झाली. बालपणी लावलेलं लग्न नाकारल्याबद्दल जिच्यावर नवऱ्यानं खटला भरला, जिला कोर्टानं नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असं सांगितलं, त्या रखमाबाई. कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना मदत केली होती. या पीचीही, जेक्स-ब्लेक यांच्यासारख्याच, एडिंबरा विद्यापीठानं अडवलेल्या विद्यार्थिनींपैकी एक. रखमाबाई 1894 मध्ये शिक्षण पुरं करून परतल्या आणि पुढे सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर रोगी तपासले. ‘व्यक्ती’ या शब्दापासून निघालेला धागा असा आपल्या घरापर्यंत येतो.

आता राजकारणाकडे. इथला गुंता वैद्यकीपेक्षा जास्त आहे.

1850 मध्ये ब्रिटिश संसदेनं एक साधा नियम केला होता: कायद्यात पुल्लिंगी शब्द आले तर त्यात स्त्रियाही धराव्यात, स्पष्ट उलट सांगितलं नसेल तर. कायदे आटोपशीर लिहिता यावेत एवढाच हेतू. मग 1867 मध्ये मतदानाचा नवा कायदा झाला, त्यात शब्द होता ‘प्रत्येक पुरुष’. मँचेस्टरच्या पाच हजारांहून जास्त बायकांनी म्हटलं, 1850 च्या नियमाप्रमाणे पुरुष म्हणजे आम्हीही, आमची नावं यादीत घाला. खटला कोर्टात गेला. 1868 मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की मतदान हा मोठा हक्क आहे, तो बायकांना द्यायचा असता तर संसदेनं तसं स्पष्ट म्हटलं असतं.

इथे एक विसंगती लक्षात येते. कर भरायचा असेल, शिक्षा भोगायची असेल, तर कायद्यातल्या ‘तो’मध्ये बाई येत होती. मत द्यायचं म्हटलं की येत नव्हती. शब्द तोच, नियम तोच, पण ओझं वाहायचं की हक्क घ्यायचा यावर अर्थ बदलत होता. त्या काळच्या बायकांना ही गोष्ट किती झोंबली असेल.

एलिझाबेथ या लढ्यात सुरुवातीपासून होत्या. 7 जून 1866 रोजी स्त्रियांच्या मताधिकाराचा अर्ज, सुमारे 1,500 सह्यांचा, त्या आणि त्यांची मैत्रीण एमिली डेव्हिस संसदेत घेऊन गेल्या होत्या. विचारवंत आणि खासदार जॉन स्टुअर्ट मिल तो सभागृहात मांडणार होते. सांगतात की सह्यांची ती जाडजूड गुंडाळी हातात घेऊन वेस्टमिन्स्टरच्या दालनात उभं राहायला दोघींना संकोच वाटला, म्हणून त्यांनी ती तिथल्या एका सफरचंदवालीच्या टोपल्यांमागे ठेवायला दिली. मिल आले तेव्हा ती तिथून बाहेर काढली.

राष्ट्रीय निवडणुकीचं दार बंद झालं तरी गावपातळीवर थोडं किलकिलं होत होतं. 1869 मध्ये कर भरणाऱ्या बायकांना नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मिळालं. पण 1872 मध्ये कोर्टानं ठरवलं की हे फक्त अविवाहित आणि विधवा बायकांना लागू. कारण त्या वेळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्वच जवळजवळ नव्हतं. ती नवऱ्यात सामावलेली. घर त्याच्या नावावर, कर त्याच्या नावानं, म्हणून मतही त्याचं.

1870 मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि शाळा मंडळं स्थापन झाली. त्यांच्या निवडणुकीत बायका मतही देऊ शकत होत्या आणि उभ्याही राहू शकत होत्या. एलिझाबेथ मॅरिलबोनमधून उभ्या राहिल्या. दवाखान्यात येणाऱ्या बायकांच्या नवऱ्यांनी त्यांच्याकडे मागणी केली होती की तुम्ही उभ्या राहा. त्यांना 47,858 मतं मिळाली, सगळ्या लंडनमध्ये सर्वांत जास्त. आकडा बघून दचकायला होतं, म्हणून सांगतो: तिथे प्रत्येक मतदाराला जितक्या जागा तितकी मतं असत आणि हवी तर ती सगळी एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. म्हणजे 47,858 माणसं नव्हेत. तरी त्याच मतदारसंघात दुसऱ्या क्रमांकावर आलेले प्रसिद्ध शास्त्रज्ञ थॉमस हक्सली खूप मागे होते. एलिझाबेथ यांच्या प्रचाराची सूत्रं सांभाळणारे जेम्स स्केल्टन अँडरसन यांच्याशी पुढच्या वर्षी त्यांचं लग्न झालं. लग्नानंतरही त्यांनी दवाखाना सोडला नाही. त्या काळी हे अनेकांना पचलं नाही.

शाळा मंडळात बसता येतं, मग नगरपालिकेत का नाही? हा प्रश्न 1889 मध्ये ऐरणीवर आला. लंडन परगणा मंडळाची पहिली निवडणूक झाली आणि दोन बायका निवडून आल्या, लेडी सँडहर्स्ट आणि जेन कॉब्डेन. सँडहर्स्ट यांनी हरवलेला उमेदवार कोर्टात गेला. न्यायालयानं निकाल दिला की मूळ परंपरागत कायद्याप्रमाणे बाईला सार्वजनिक पद भूषवण्याची क्षमताच नाही, आणि संसदेनं स्पष्ट शब्दांत दिल्याशिवाय ती येत नाही. 1850 च्या पुल्लिंगाच्या नियमानं भागणार नाही. सँडहर्स्ट यांची जागा गेली आणि हरलेल्या उमेदवाराला मिळाली.

जेन कॉब्डेन यांच्या निवडणुकीला मात्र कोणी आव्हान दिलं नव्हतं. कायद्यात होतं की बारा महिने आव्हान आलं नाही तर निवड वैध धरावी. म्हणून वर्षभर त्यांनी मत दिलं नाही. वर्ष संपल्यावर त्यांनी मतं द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यावर खटला झाला आणि दंड झाला. कोर्टाचं म्हणणं असं की त्यांची निवड वैध असली तरी पदावर काम करण्याचा अधिकार त्यांना नाही. लोकांनी निवडून दिलेली बाई खुर्चीत बसलेली, आणि हात वर केला की गुन्हा.

या निकालांनंतर शब्दांच्या अर्थावरून भांडण्याची वाट संपली. 1865 मध्ये ‘व्यक्ती’ या शब्दानं जे साधलं ते आता साधणार नव्हतं. नवा कायदाच हवा होता. तो यायला आणखी अठरा वर्षं लागली. 1907 च्या कायद्यात पहिल्यांदा असं लिहिलं गेलं की स्त्री असल्यामुळे किंवा विवाहित असल्यामुळे कोणी परगणा मंडळाचं किंवा नगरपालिकेचं सदस्य, आल्डरमन (सदस्यांनीच निवडलेला ज्येष्ठ सदस्य), अध्यक्ष किंवा महापौर व्हायला अपात्र ठरणार नाही.

कागदावर विवाहितेला सूट मिळाली, पण निवडून यायला मतदारयादीत नाव हवं, आणि लंडनबाहेर लग्न झालेल्या बाईचं नाव यादीत लागणं कठीणच होतं. त्यामुळे सुरुवातीला निवडून आलेल्या बहुतेक बायका अविवाहित किंवा विधवा होत्या. एलिझाबेथ निवृत्त होऊन 1902 पासून ऑल्डबराला राहत होत्या. त्यांचे वडील या गावचे महापौर राहिले होते, नवराही. जेम्स अँडरसन 1907 मध्ये वारले. पुढच्या वर्षी विधवा एलिझाबेथ महापौर झाल्या. माणूस म्हणून त्यांचं मोठं दुःख, आणि कायद्याच्या नजरेत त्यांच्या वाटेतला अडसर दूर करणारी तीच घटना.

मग महापौर होऊन त्यांना नेमके अधिकार कोणते मिळाले? इंग्लंडमध्ये महापौर थेट लोकांकडून निवडला जात नसे. दर वर्षी 9 नोव्हेंबरला नगरपालिकेचे सदस्य एका वर्षासाठी तो निवडत. (एलिझाबेथ यांना 1909 मध्ये पुन्हा निवडलं, म्हणजे एकूण दोन वर्षं.) सभा चालवणं, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देणं ही मुख्य कामं. हुकूम काढून गाव चालवण्याचा अधिकार महापौराकडे नव्हता. तो सबंध सभेचा होता, कामं समित्यांमधून व्हायची.

पण डॉक्टरच्या दृष्टीनं बघितलं तर ही खुर्ची फार मोलाची होती. 1875 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानं नगरपालिका हीच गावची आरोग्य यंत्रणा ठरली होती. पिण्याचं पाणी, गटारं, कचरा, कत्तलखाने, राहायला अयोग्य घरं, साथीचे रोग, सगळं तिच्या अखत्यारीत. प्रत्येक गावात एक आरोग्य अधिकारी नेमावाच लागे आणि त्याचा अहवाल सभेपुढे येई. बहुतेक गावांत तो अहवाल ऐकणारे असत दुकानदार, शेतकरी, जमीनदार. ज्या बाईनं चाळीस वर्षांपूर्वी पटकीचे रोगी हातानं तपासले, तिच्या अध्यक्षतेखाली तो वाचला जाणं ही निराळी गोष्ट होती. अमुक घरात हगवणीचे तीन रोगी, या ओळीचा अर्थ तिला कोणी समजावून सांगावा लागत नव्हता. पटकीचं मूळ दवाखान्यात नसतं, विहिरीत आणि गटारात असतं, हे डॉक्टरला कळतं. पण विहीर आणि गटार दुरुस्त करायचा पैसा नगरपालिकेकडे असतो. या दोन गोष्टी एका माणसाच्या हाती येणं म्हणूनच महत्त्वाचं.

आणि तरीही 1907 च्या कायद्यानं त्यांच्या हातातून एक गोष्ट काढून घेतली होती. इंग्लंडमध्ये महापौर झालेला माणूस पदसिद्ध न्यायदंडाधिकारी होत असे. गावच्या छोट्या कोर्टात बसून किरकोळ गुन्ह्यांचे निवाडे करणं हा त्याच्या पदाचाच भाग. नवा कायदा करताना संसदेनं एक कलम घातलं: स्त्री महापौर झाली तर ती या पदामुळे न्यायदंडाधिकारी होणार नाही. म्हणजे गळ्यात महापौराची साखळी, अंगावर झगा, सभेत पहिली खुर्ची, पण कोर्टात तिची जागा रिकामी. दार उघडताना एक खोली कुलूपबंद ठेवली होती.

एलिझाबेथ यांचं सगळंच पटावं असं नाही. वेश्याव्यवसायातल्या बायकांची सक्तीनं वैद्यकीय तपासणी करणारे 1860 च्या दशकातले कायदे त्यांनी उचलून धरले होते. जोसेफिन बटलर आणि इतर अनेक जणी त्याविरुद्ध लढत होत्या. तपासणी बाईची आणि गिऱ्हाईक मोकळं, हा अन्याय एलिझाबेथ यांना दिसायला हवा होता असं मला ठामपणे वाटतं. रोग आटोक्यात आणायचा या एकाच नजरेनं त्यांनी तिकडे बघितलं आणि त्या बायकांच्या शरीरावरचा त्यांचा हक्क नजरेतून निसटला. दुसरीकडे, 1874 मध्ये एका नामांकित डॉक्टरनं लिहिलं की शिक्षणाच्या ताणानं मुलींची प्रकृती बिघडते, तेव्हा त्यांनी दिलेलं उत्तर आजही वाचण्यासारखं आहे. त्यांचं म्हणणं होतं की मुलींना अभ्यासापेक्षा रिकामपणा आणि कंटाळा जास्त आजारी पाडतो.

ब्रिटिश डॉक्टरांच्या मुख्य संघटनेत त्या 1873 मध्ये सदस्य झाल्या. पाच वर्षांत संघटनेनं ठराव केला की आणखी बायका घ्यायच्या नाहीत. 1873 पासून एकूण 19 वर्षं त्या तिथे एकट्या स्त्री सदस्य होत्या. अपॉथेकरी संस्थेनं केलं तेच पुन्हा. त्यांना काढता येत नव्हतं, म्हणून मागचं दार लावलं.

महापौरपदाची मुदत संपली आणि त्याच नोव्हेंबरात, 1910 साली, वयाच्या 74 व्या वर्षी त्या स्त्री-मताधिकार चळवळीतल्या जहाल नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांच्यासोबत संसदेवर गेलेल्या मोर्च्याच्या पहिल्या रांगेत होत्या. मागच्या बायकांना पोलिसांनी त्या दिवशी फार वाईट वागवलं. चळवळ जाळपोळीकडे वळू लागली तशा त्या तिच्यातून बाजूला झाल्या, पण त्यांची डॉक्टर मुलगी लुईसा 1912 मध्ये याच चळवळीत तुरुंगात गेली.

17 डिसेंबर 1917 रोजी ऑल्डबराला एलिझाबेथ वारल्या. सात आठवड्यांनी, 6 फेब्रुवारी 1918 रोजी, तीस वर्षांवरच्या, मालमत्तेच्या अटीत बसणाऱ्या स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मत देणारा कायदा मंजूर झाला. 1866 च्या ज्या अर्जाची गुंडाळी सफरचंदांच्या टोपल्यांमागे ठेवली होती, त्याचं उत्तर यायला 52 वर्षं लागली.

न्यायदंडाधिकाऱ्याची कुलूपबंद खोली 1919 च्या अखेरीस उघडली. स्त्री असल्यामुळे कोणालाही सार्वजनिक पद नाकारता येणार नाही, असा कायदा त्या डिसेंबरात झाला. 31 डिसेंबर 1919 रोजी उत्तर इंग्लंडमधल्या स्टेलीब्रिज गावच्या महापौर एडा समर्स यांनी न्यायदंडाधिकारी म्हणून शपथ घेतली. त्यांना ती जागा कोणी वेगळी नेमणूक करून दिली नव्हती. महापौर होत्या म्हणून ती त्यांची होती.